नव्या बल्बांची पहिली फेरी

समोरून आलेल्या तिसऱ्या गाडीनंही दिवे मिचकावले, तेव्हा भावानं पिकअप पुन्हा कडेला घेतली.

"आता काय झालं?" बहिणीनं विचारलं.

"काहीतरी सांगतायत गं लोक. उगाच कोण डिपर मारेल?"

तो उतरून मागं गेला. फाळका बंद होता. दोर घट्ट होते. शिलाई मशीन, कापडाच्या ताग्यांनी भरलेलं लोखंडी कपाट, गाद्या, बोचकी, सगळं जागच्या जागी. टायरला लाथ मारून पाहिली. वाकून पाहिलं, कुठं काही गळत नव्हतं. तो परत येऊन बसला.

"सगळं ठीक आहे."

"मग ते काय सांगतायत?"

"देव जाणे."

पिकअपचे जुने पिवळट बल्ब काढून त्यानं सकाळीच नवे पांढरे बसवून घेतले होते. बहिणीला सामानासकट आणायचं, येताना अंधार होणार, वाट सवयीची नाही, म्हणून. दुकानदारानं रिकामी गाडी भिंतीसमोर उभी करून प्रकाशाची उंचीसुद्धा लावून दिली होती. "झाडाचं पान न् पान दिसेल," म्हणाला होता. आणि खरंच दिसत होतं. झाडांचे शेंडे दिसत होते, विजेच्या तारा दिसत होत्या, तारांवर अंग फुलवून बसलेली पाखरं दिसत होती. रस्ता तेवढा कुठंतरी खाली राहून जात होता. भावाला वाटलं, नव्या उजेडाची डोळ्यांना सवय व्हायची आहे.

बहीण काचेतून समोर बघत होती. निघताना नवरा दारात उभा होता. जा म्हणाला नव्हता, राहा म्हणाला नव्हता. दोर बांधून होईपर्यंत तसाच उभा. आता समोरून येणारा प्रत्येक अनोळखी माणूस मात्र काहीतरी म्हणत होता. माघारी फिर म्हणत होता की लवकर नीघ, तेवढंच कळत नव्हतं.

"दादा, मागं काही राहिलं का रे माझं?"

"घरात की गाडीत?"

ती पुन्हा काचेतून समोर बघू लागली.

भाऊ गाडी पुन्हा रस्त्यावर घेणार, तोच समोरून येणारा पाण्याचा टँकर करकचून थांबला. चालकानं डोळ्यांवर हात धरून डोकं बाहेर काढलं.

"ओ मालक, लोकांना आंधळं करायचा ठेका घेतलाय का? उजेड खाली घ्या की, डिपरवर."

"डिपरवरच आहेत."

टँकरवाला खाली उतरला. त्यानं पिकअपकडे बाजूनं बघितलं आणि हसला. "अहो, नाक वर करून उभी आहे तुमची गाडी. सगळा उजेड समोरच्याच्या डोळ्यांत." मग मागं जाऊन त्यानं फाळक्यावर थाप मारली. "हे काय? जड सामान सगळं शेपटाला? जड केबिनला लावायचं, हलकं मागं. पहिल्यांदाच भरलीत का गाडी?"

"आधी कधी कुणी काही बोललं नाही," भाऊ म्हणाला.

"आधीचे बल्ब कसले होते?"

"होते आपले. असून नसल्यासारखे."

"मग कोण कशाला बोलेल?"

भावानं मान खाजवली. "मला कळतं हो. पण हिनं सांगितलं तसं भरलं. गाद्या-बोचकी आधी, कपाट न् मशीन शेवटी. म्हटलं, रडणाऱ्या बाईशी कुठं वाद घाला."

बहीणही आता उतरून आली होती. टँकरवाल्यानं तिच्याकडे पाहिलं. "का हो ताई?"

"पटकन उतरवता यावं म्हणून."

"आपल्या घरी पोचल्यावर?" भावानं विचारलं.

"नाही. तिथंच. त्यानं थांब म्हटलं असतं तर."

टँकरचं इंजिन घरघरत होतं. टँकरवाल्याला कुणाकडे बघावं कळेना; तो दोराच्या गाठीकडे बघू लागला. "तसं... हळूहळू गेलात तर असंही जाता येईल," तो पुटपुटला. "लोक शिव्या देतील, एवढंच."

"ठकू, तू म्हणशील तसं," भाऊ म्हणाला.

ती दोराची गाठ सोडायला लागली.

तिघांनी मिळून मशीन उतरवलं, कपाट उतरवलं, मग गाद्या, मग बोचकी. थोडा वेळ कपाट रस्त्याच्या कडेला एकटंच उभं राहिलं, जणू भोवतीचं घर कुणी उचलून नेलं असावं. मग भाऊ आणि टँकरवाल्यानं ते उचलून आडवं गाडीत चढवलं. भाऊ त्यावर हात ठेवून थांबला.

"बघ हं. हे आता सगळ्यात आधी आत जाणार, म्हणजे सगळ्यात शेवटी निघणार. वरचं उतरवल्याशिवाय जागचं हलायचं नाही."

"माहितीय."

"मग?"

"मग काय? लाव." तिनं स्वतःच खांदा लावला. पत्रा खरवडत कपाट केबिनपर्यंत गेलं.

पिकअप निघाली तेव्हा रस्ता दिसत होता. खडा न् खडा, खड्डा न् खड्डा, काठावरचं वाळलेलं गवतही. वळणावरून एक गाडी आली. दोघं ताठ बसून राहिले. ती गाडी जवळ आली, आणि काही न म्हणता शेजारून निघून गेली.

"सुटलो बाबा," भाऊ म्हणाला.

बहिणीनं काच खाली केली आणि डोकं बाहेर काढून मागं बघितलं. ते दोघं जिथून आले होते, तिकडंच ती गाडी चालली होती. तिचे लाल दिवे लहान लहान होत गेले.

"काय बघतेस?"

"काही नाही. तू पुढं बघ."