नऊ गाठी

तबकडी पाचव्या गाठीला दिसेनाशी झाली. मोजणीदाराने दोरी जराशी वर ओढली, तशी ती दिसली. पुन्हा सोडली, पुन्हा गेली.

"दाजी, ते ताट आणखी किती वेळा विसळणार?" इंजिन बंद करून बसलेली मेव्हणी म्हणाली. नाव तिची होती आणि चालवायचीही तीच.

बावीस वर्षं तो हेच काम करत होता. महिन्यातून एकदा तलावाच्या मध्यावर नाव थांबवायची, सावलीच्या बाजूने पांढरी तबकडी पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होईल तिथे दोरीच्या गाठी मोजायच्या. हातभर अंतरावर एक गाठ. गाठी जितक्या जास्त तितकं पाणी नितळ. सगळं शहर हेच पाणी पीत होतं.

आज मात्र त्याने तिसऱ्यांदा दोरी वर ओढून पाहिली. महिन्याभरापूर्वीच त्याच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले होते. समोरच्या काठावरच्या पंपघराच्या खिडक्या त्याला इथून एकेक मोजता येत होत्या. मेव्हणीचे केस पिकलेत हेही त्याला आज सकाळीच कळलं होतं, आणि ते बोलून दाखवल्याबद्दल बोलणीही खाऊन झाली होती.

चार वर्षांपूर्वी तबकडी पहिल्यांदा आठव्या गाठीलाच हरवली, तेव्हा त्याला वाटलं, आपले डोळे गेले. एवढा मोठा तलाव, तो काय असा वर्षभरात गढूळ होतो? शिवाय साहेबांना कळलं तर कामावरून काढतील ही धास्ती होतीच. त्याने पदरची एक गाठ घालून नऊ लिहिलं. पुढच्या वर्षी दोन घातल्या, मग तीन, मग चार. कमी पडतील त्या डोळ्यांच्या नावावर टाकायच्या आणि नऊ पुऱ्या करायच्या. पाण्याचा हिरवा रंगसुद्धा तो मोतीबिंदूचाच समजत होता. आपण कुणाला फसवतोय असं त्याला एकदाही वाटलं नाही. आपल्या डोळ्यांची खोट तलावाच्या माथी मारू नये, एवढंच तो बघत आला होता.

"जरा इकडे ये," तो म्हणाला. "तू बघ."

मेव्हणी नावेच्या काठावरून वाकली. त्याने दोरी सोडली.

"गेली."

"कितवी गाठ?"

"पाचवी."

"नीट बघ की."

"नीटच बघतेय. मला काय नवीन आहे? गेल्या महिन्यातही पाचव्यालाच गेली होती."

मोजणीदार तिच्याकडे वळला. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही नऊ लिहायचात ना. म्हटलं, तुम्ही त्यातले जाणकार, तुम्हाला अजून आतलं दिसत असेल."

त्याने पाण्यात हात घातला. बाहेर काढला तेव्हा मनगटापर्यंत बारीक हिरवा चिकटा लागला होता. त्याने तो पँटला पुसला, आणि त्याला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. डोळे गेले असते तर बरं झालं असतं, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. ऑफिसातल्या मॅडम होत्या. बारा वाजता बैठक होती. दोन नव्या वसाहतींचं सांडपाणी तलावात सोडायला परवानगी द्यायची की नाही, हे आज ठरायचं होतं.

"काका, आकडा सांगा पटकन. नऊच ना? चार वर्षं हललेला नाही, म्हणून सगळे निर्धास्त आहेत. मी नऊ धरूनच कागद छापायला टाकलेत."

'हो' म्हटलं की संपत होतं. नोकरीची दोनच वर्षं उरली होती. त्याने मेव्हणीकडे पाहिलं. एरवी कुठल्याही गोष्टीवर थट्टा करणारी ती, आज दोरीची पाचवी गाठ चिमटीत धरून बसली होती.

"पाच," तो म्हणाला.

"किती?"

"पाच."

"अहो काका, काहीतरीच काय! मागच्या महिन्यात नऊ होतं. डोळे बरे झालेत ना तुमचे?"

"अगदी बरे झालेत."

"मग महिन्याभरात तलावाच्या चार गाठी गेल्या कुठे?"

"त्या तलावाच्या नव्हत्या, मॅडम. माझ्या होत्या."

पलीकडून प्रिंटरमधून एकामागून एक कागद बाहेर पडत असल्याचा आवाज येत राहिला.