कार्डाचे कान

"सांगितलं तर कुणाचा विश्वास बसायचा नाही!" भजनाहून परतलेल्या बायकोला अनंतरावांनी दारातच गाठलं. "जुन्या लॅपटॉपात मी नवं वायफाय कार्ड बसवलं आणि लगेच टोरांटोहून बेबीचा व्हिडिओ कॉल!"

थापा मारण्यात अनंतरावांचा हात धरणारं उभ्या गल्लीत कुणी नव्हतं. पण आज लेकीचा वाढदिवस होता. साध्या फोनवर नुसता आवाज यायचा आणि लॅपटॉपवर तिचा चेहरा अर्ध्या शब्दावर गोठायचा. कुमुदताई चपला न काढताच ऐकत राहिल्या.

"चित्र इतकं स्वच्छ, की तिच्या चहाची वाफ माझ्या चष्म्यावर बसली. हा बघ, अजून ओला आहे! तुझ्या हातच्या आमटीची आठवण काढून रडली गं पोर."

कुमुदताईंनी पदर डोळ्यांना लावला. तेवढ्यात त्यांची नजर टेबलाकडे गेली. लॅपटॉपच्या उघड्या पोटातून एक काळी आणि एक पांढरी, अशा दोन बारीक वायरी बाहेर लोंबत होत्या.

"अहो, या वायरी म्हणजे कार्डाचे कान, त्यांच्याशिवाय ते ठार बहिरं, असं सकाळी तुम्हीच सांगितलंत ना? कान तर बाहेरच राहिलेत. मग रडलं कोण?"