सातजणींचा ओटा

"एका ओट्यावर सातजणी विकतात आणि फी भरते एक. हे खरं की खोटं?" निरीक्षक नविनने हातातला अर्ज खाली ठेवला.

"खरं," बायजी म्हणाली. "पण एका दिवशी सातजणी बसत नाहीत. सोमवार पुतळीचा, मंगळवार निर्मलाचा, असे वार लागलेत. माझ्या सासूने लावून दिले. तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता."

नगरपरिषदेच्या सभागृहात परवाना फीवरच्या हरकती ऐकणं चाललं होतं. न्हावी झाले, खाटीक झाले, आता सुकी मासळी. झाई गावाहून पहिल्या बसने आलेल्या सहाजणी मागच्या बाकावर दाटीवाटीने बसल्या होत्या. पुढे बायजी उभी. तिला खुर्ची दिली होती, तिने घेतली नाही.

जुना दर ओट्यामागे वर्षाला एकवीसशे. ओटा बायजीच्या नावावर, पैसे सातजणी मिळून भरत. महिन्यापूर्वी कुणीतरी निनावी अर्ज टाकला. या बायका परिषदेला फसवतात, प्रत्येकीकडून वेगळी फी घ्या. अक्षर वळणदार होतं आणि सातही नावं वारांसकट बरोबर होती. परिषदेने लगेच ठराव मांडला. माणशी एक परवाना, माणशी एकवीसशे.

तो आकडा ऐकल्यापासून पुतळीला जेवण गोड लागत नव्हतं. सहा दिवस बोंबील वाळवायचे, सातव्या दिवशी विकायचे. त्यावर तिचं घर. एकवीसशे भरायचे तर वार सोडावा लागणार, आणि वार सुटला की बाजार सुटला.

"ओटा एक, फी एक," बायजी म्हणाली. "सातजणी बसल्या म्हणून दगड काय सातपट झिजतो?"

मागच्या बाकावर हसू फुटलं. नविन हसला नाही.

"आजी, नियम विकणाऱ्याला लागतो. दगडाला नाही."

"मला आजी म्हणू नको. तुझी आजी माझ्याकडून सुकट न्यायची, भाव न करता. तू कुणावर गेलास कोण जाणे."

नविनचे कान लाल झाले. "सात परवाने वेगळेच होणार. त्यात बदल नाही."

"कर वेगळे." बायजीने पदर खोचला. "पण जी एक दिवस बसते तिच्याकडून सात दिवसांची फी घेशील, तर उद्यापासून आम्ही इथेच मासळीच्या पाट्या मांडू. तुझ्या या टेबलावर. मग वास गेला नाही म्हणून मला सांगायला येऊ नको."

शेजारी बसलेले मुख्याधिकारी नविनच्या कानाशी वाकले. नविनने कागदावर भागाकार केला.

"तीनशे," तो म्हणाला. "माणशी तीनशे. पण प्रत्येकीचा परवाना तिच्या नावाने, तिचा फोटो लावून. एकीच्या नावामागे सहाजणींनी लपायचं बंद."

"माझा विरोध आहे. लिहून घे."

"लिहितो."

"मोठ्या अक्षरात लिही."

त्याने लिहिलं. त्याखाली बायजीने सही केली. तीन अक्षरं, प्रत्येक अक्षरावर थांबून. दुपारपर्यंत सातजणींच्या हातात सात परवाने होते.

बाहेर पायरीवर निर्मला फुगून बसली. "काय मिळवलंस काकी? सातांचे मिळून तेवढेच एकवीसशे. वर फोटोचा खर्च. इतकी वर्षं तुझ्या नावाखाली निभावलं, आता जिची ती."

"तुला वाचता येतं ना? ते वाच."

फाटकाजवळच्या फळ्यावर एक नोटीस चार महिन्यांपासून पिवळी पडत होती. मंडई बांधणारं खातं वरच्या मजल्यावर, फी घेणारं खाली. दोघांची गाठ पडायची ती चहाच्या टपरीवर.

निर्मलाने मोठ्याने वाचलं. जुनी मंडई दिवाळीनंतर पाडणार. नव्या मंडईत परवान्यामागे एक ओटा.

तिने पुन्हा वाचलं, या वेळी मनात. मग वळून बायका मोजल्या.

"आपले तर एकेका वाराचे परवाने," ती हळूच म्हणाली.

"नोटिशीत वार कुठे लिहिलाय दाखव."

निर्मलाने बोट फिरवून पाहिलं. वार कुठेच नव्हता.

पुतळीने आपला परवाना नीट घडी घालून पोलक्यात ठेवला. तिचे डोळे भरले होते, पण जिभेवरचा राग अजून उतरला नव्हता.

"आपलं भलं झालं ते झालं. पण ज्या मेल्याने तो अर्ज लिहिला ना काकी, त्याचा हात झडून पडो."

"तोंड आवर गं," बायजी बसकडे चालू लागत म्हणाली. "माझ्या सुनेचा हात आहे तो. झडला तर भाकऱ्या कोण थापणार?"