कठडा नसलेली विहीर

पौर्णिमाची हाक ऐकून तिची आई, वच्छलाबाई, सरळ विहिरीच्या रोखाने चालत निघाल्या.

विहीर रंगाची होती. अमरावतीच्या प्रदर्शनासाठी पौर्णिमाने ती हॉलच्या फरशीवर काढली होती. काळे दगड, कपारी, खोल तळाशी हिरवट पाणी. दारातून येणारा प्रत्येक जण तिच्यापाशी थबके. एका प्राध्यापकांनी तर चित्र आहे हे ठाऊक असूनही आधी बुटाचं टोक टेकवून पाहिलं. आई मात्र लेकीच्या आवाजाच्या दिशेने येत होती, चाल जराही मंद न करता. म्हणजे तिला काहीच दिसत नव्हतं.

विचारून उपयोग नव्हता. मोतीबिंदूने डोळे झाकत आणले तेव्हाही बाईंचं एकच पालुपद होतं, "दिसते मले." पावलांवरून माणूस ओळखायचं, चाचपून भाजीत मीठ घालायचं आणि लेकरांना घोर नको म्हणून खोटं रेटायचं. अखेर कुंदनने, पौर्णिमाच्या मोठ्या भावाने, त्यांना अकोल्याला नेऊन ऑपरेशन करवलं. आतला पडदा कमजोर आहे, नजर येईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. पट्टी काढून त्यांनी बोटं दाखवली, तर बाईंनी अंदाजाने आकडा ठोकून दिला. घरी आल्यावर पुन्हा तेच, दिसते मले. अशा माणसाचं काय खरं मानायचं?

विहिरीच्या काठाशी बाईंचा एक पाय उचललेला तसाच राहिला. त्या झटकन मागे सरल्या. लुगडं सावरलं आणि मागून येणाऱ्या बाईला हात आडवा घालून अडवलं.

"पौर्णिमे, इहिरीले कठडा काहून नाही केला वं? कोनाचं लेकरू पडन ना."

लोक हसले. कोणीतरी समजावलं, आजी, हे चित्र आहे. बाईंना पटेना. शेवटी त्यांनी उकिडवं बसून तळवा टेकवला. हाताला गार फरशी लागली. मग त्या अशा खजील झाल्या की तडक कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसल्या.

पौर्णिमाने डोळे पुसत अकोल्याला फोन लावला.

"काय म्हन्ते माय?" कुंदनने धास्तावून विचारलं. "दिसते म्हन्ते?"

"तिच्या म्हनन्याचं सोड, दादा," पौर्णिमाला हसूही आवरेना आणि रडूही. "माय फसली. साऱ्या लोकायसमोर सपशेल फसली."