थंड इंजिन, तापलेला काटा

गुडघे गेल्यापासून मी मुलाकडे, तिसऱ्या मजल्यावर असतो. बसची पायरी आता चढवत नाही, आणि चार तासांच्या रस्त्यावर माझी थोरली बहीण अंथरुणाला खिळली आहे. रोज फोनवर म्हणते, "धाकट्या, एकदा तोंड दाखव रे." मुलापाशी विषय काढला की त्याचं उत्तर ठरलेलं. "बाबा, गाडीचा तापमानाचा काटा कायम लाल रेषेवर असतो. वाटेत इंजिन बसलं तर? आत्याशी व्हिडिओवर बोला ना."

उभा जन्म मी ट्रक चालवले. एका सकाळी कठडा धरत खाली उतरलो आणि रात्रभर गार पडलेल्या गाडीला चावी लावली. काटा लगेच लाल रेषेवर! पाणी पाहिलं, भरलेलं होतं. सेन्सरची वायर काढली, तसा काटा मुकाट्याने खाली आला. म्हणजे इंजिन बिचारं ठीक होतं, खोटं बोलत होता तो सेन्सर. शोरूमवाले अख्खा मीटर बदला म्हणत होते. मी कोपऱ्यावरच्या जुन्या सामानाच्या दुकानातून एक सेन्सर आणून बसवला.

मुलाने दिवसभर गाडी फिरवली, काटा मध्यावरून हलला नाही. "मानलं बाबा तुम्हाला!" मी बहिणीला परस्पर कळवून टाकलं, रविवारी येतो.

रविवारी बूट घालून बसलो होतो, तेवढ्यात मुलगा हसत वर आला.

"बाबा, तुमच्या हाताला यश आहे! गाडी विकत घ्यायला आलेली तीन गिऱ्हाइकं त्या काट्यापायी परत गेली होती. आजच्याने पैसे मोजले, त्याला आत्ता चावी देऊनच वर आलो."