पांढरी गच्ची

“एसी बंद करतोय,” धाकटा भाऊ जिना उतरता उतरता म्हणाला. “आणि हिला न् पोरीला माहेरी पोचवतो. तिकडे हवा तरी थंड असते.”

खालच्या मजल्यावर दादा बनियनवर बसून वर्तमानपत्राने वारा घेत होते. त्यांचा हात थांबला. पोर अवघी महिन्याची, त्यात दिवस भरायच्या आधी जन्मलेली. डॉक्टरांनी खोली गार ठेवायला बजावलं होतं. पण वरचा मजला म्हणजे नुसता तवा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर आग ओकायचा, आणि शिंपीकाम करणाऱ्या धाकट्याला त्या एसीचं बिल झेपत नव्हतं.

“थोडं मी भरतो,” दादा म्हणाले.

“तुम्ही?” धाकटा हसला. “पंखा लावताना दहादा विचार करता. राहू द्या. मी कुणाचा पैसा घेत नाही, माहीत आहे तुम्हाला.”

माहीत होतं. लग्नात दादांनी घातलेली अंगठीसुद्धा या पठ्ठ्याने सदरे शिवून फेडली होती.

“मग गच्चीला पांढरा रंग लाव. ऊन परततं, एसीला कमी दमावं लागतं. रंगारी माझ्या ओळखीचा आहे. एक बिल येईपर्यंत थांब, मग जा कुठं ते.”

आतून वहिनी म्हणाल्या, “ऐका भावोजी. पोर अजून काकाकडे बघून एकदा धड हसलीसुद्धा नाही.”

रंगारी आला. गच्ची घासली, भेगा बुजवल्या, दोन हात दिले. वर वायरी लोंबत होत्या. “ओल्या ब्रशाने चिकटशील,” म्हणत दादांनी मेन स्विच पाडला आणि पक्कड-टेस्टर घेऊन दिवसभर तिथेच घुटमळले. उभा जन्म विजेच्या मोटारी वाइंड करण्यात गेलेला माणूस. वायर दिसली की हात शिवशिवायचे.

पुढचं बिल आलं ते निम्म्याहून खाली.

धाकट्याला आभाळ ठेंगणं झालं. गिऱ्हाईक बाहीचं माप द्यायला यायचं आणि गच्चीचं माप काढायला पळायचं. हां हां म्हणता अख्खी गल्ली वरून पांढरी झाली. कबुतरं आपली घरं चुकू लागली, असंही लोक सांगतात. वर गारव्यात पोरीने बाळसं धरलं. माहेरचा विषय निघेनासा झाला.

“दादा, तुमचं बिल का हो फुगलं?” एकदा धाकट्याने डिवचलं. “माझा आख्खा मजला तुमच्या डोक्यावर सावलीला, पंख्याला तुम्ही हात लावत नाही.”

“जुना फ्रिज,” दादा म्हणाले. “म्हातारा झालाय, माझ्यासारखा. खातो फार.”

“कंजुषी सोडा, नवा घ्या.”

“बघू.” दादांनी पोरीला मांडीवर घेतलं. ती त्यांच्याकडे बघून तोंडभर हसली. बिलाचं बोलणं तिथेच राहिलं.

मग एका दुपारी रंगारी बादल्या घेऊन दारात उभा राहिला. चेहरा पडलेला.

“दादा, लोक मला अडवून विचारतात. खोल्या गार झाल्या, बिलंही थोडी उतरली, तक्रार नाही. पण शिंप्यासारखं निम्मं कुणाचंच झालं नाही. त्याच्या बादलीत मी वेगळं काय कालवलं होतं, आठवतच नाही.”

“मलाही नाही आठवत,” दादा वारा घेत म्हणाले. “बादल्या जिन्याखाली ठेव आणि पाणी पी आधी.”

रंगारी जिन्याखाली वाकला. भिंतीवर दोन जुने मीटर होते. एकावर धाकट्याचं नाव, एकावर दादांचं. दोन्ही चकत्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. तेवढ्यात वर पोर कुरकुरली, खटका वाजला, एसी घरघरू लागला, आणि दादांच्या मीटरमधली चकती भिंगरीसारखी फिरायला लागली.