ओशाळलेला हात

डावा गुडघा आखडला आणि विल्फला क्लच दाबवेना. चाळीस वर्षं जपलेली हिरवी स्पोर्ट्सकार विकायची, नाहीतर तिच्यात ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवायचा. त्याने बसवून घेतला. जुन्या गाड्यांच्या मंडळातला सिरिल म्हणाला, “नासवलीस रे तिला! आता चहा ढवळणारं यंत्रही घे.” मेकॅनिक गार्थने मूळ गिअरबॉक्स तेलकट कापडात गुंडाळून विल्फच्या हवाली केला. “गाडीला एकही नवं भोक पाडलं नाही. पुढच्या मालकाला हा परत बसवता येईल.” रविवारी बायकोला शेजारी बसवून विल्फ निघाला. गाडी गुणगुणत टेकडी चढली. पण वळणावळणाला त्याचा हात गिअर बदलायला धावे, ओशाळून थांबे. “सिरिलचं खरं,” तो पुटपुटला. “गाडी आपली आपणच चालते, मी नुसता बसलोय.” बायकोने तो हात ओढून मांडीवर घेतला. “चाळीस वर्षं त्या दांड्याला दिलास. आता मलाही दे की, मेल्या!”